बावीस वर्षांचा नाईक

आमच्या कडेगाव भागात गल्लीला एक तरी फौजी निघतोच. सुट्टीवर आलेल्या जवानांच्या गप्पांत एक नाव मी लहानपणापासून ऐकत आलो : नाईक यशवंत घाडगे. होस्टेलवर चौघांना विचारलं, एकालाही माहीत नाही. कारगिलचे हिरो सगळ्यांना तोंडपाठ, पण हे नाव कोरं. म्हणून हा लेख.

घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून ते दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतं, पण डोंगराडोंगरावर मशीनगन लावून वाट अडवत होतं.

१० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. (रोममधून वाहते तीच ही टायबर.) घाडग्यांची तुकडी पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावले. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा, दोन्ही संपवले. टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. आणि मॅगझिन बदलायला वेळच उरला नाही.

इथे आपण इंजिनिअरिंगवाले जरा थांबू. टॉमी गनचं मॅगझिन वीस किंवा तीस गोळ्यांचं आणि वेग मिनिटाला सहाशे-सातशे गोळ्यांचा. म्हणजे घोडा दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत खेळ खलास! नवीन मॅगझिन चढवायला लागणारे काही सेकंदही समोरचे दोघे देणार नव्हते. घाडग्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना ठार केलं. जवळजवळ पाच किलोचं धूड ते, आणि नळी तर तापलेली असणार.

जवळच दडलेल्या नेमबाजांनी मग त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय बावीस, म्हणजे आपल्या बीईच्या पोरांएवढं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत असे वीस क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय जवानांचे. सहापैकी आणखी एक आपल्याच मराठा रेजिमेंटचे नामदेव जाधव. ते मात्र जिवंत परतले.

इंग्रजांसाठी लढला, त्याचं काय कौतुक, असं म्हणणारेही भेटतात. मला नाही पटत. त्या क्षणी घाडग्यांच्या मागे कुणी गोरा राजा नव्हता, स्वतःची पोरं रक्तात पडलेली होती. मशीनगन बंद झाली नसती तर जखमीही वाचले नसते.

माणगावला त्यांचा पुतळा आहे. तिकडे इटलीत, पेरुजियाजवळच्या मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने स्मारक उभारलं, आणि तेही सूर्यघड्याळाचं. आडव्या सूर्यघड्याळाचा काटा त्या जागेच्या अक्षांशाइतका तिरपा ठेवावा लागतो. मोंतोनेला सुमारे ४३ अंश. आमच्या कडेगावात बसवायचं तर १७. वर्कशॉपच्या सरांना विचारलंय. पत्र्याचे तुकडे देतो म्हणालेत, ड्रॉइंग आधी दाखवा म्हणे.