मौनाचा मानकरी : संत योहान नेपोमुक

प्राग शहरातील चार्ल्स पुलावर १६८३ सालापासून एका धर्मगुरूंचा कांस्य पुतळा उभा आहे. हातात क्रूस, मस्तकाभोवती पाच तारे. हे संत योहान नेपोमुक. पुढे गावोगावच्या पुलांवर त्यांचे पुतळे उभे राहिले. पुलाचा आणि या संताचा संबंध काय, या कुतूहलाने मी त्यांच्या चरित्राकडे वळलो.

त्यांचा जन्म १३४५ च्या सुमारास बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, पोमुक गावी झाला. इटलीत पादुआ येथे त्यांनी धर्मकायद्याचे शिक्षण घेतले. १३८९ मध्ये ते प्रागच्या आर्चबिशपांचे व्हिकर जनरल झाले. गादीवर चौथा वेन्सेस्लास हा शीघ्रकोपी राजा होता.

लोककथा सांगते, की राजाला राणीचा संशय आला. तिने पापनिवेदनात काय सांगितले, हे त्याने योहानांना विचारले. योहान बोलले नाहीत. कॅथलिक धर्मगुरूने पापनिवेदनात ऐकलेले शब्दाने वा खुणेनेही उघड करू नये, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने साऱ्या चर्चला घालून दिला होता. आजही त्याचा थेट भंग करणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. २० मार्च १३९३ रोजी योहानांना हालहाल करून पुलावरून व्लटावा नदीत टाकण्यात आले.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. राजाची इच्छा डावलून योहानांनी क्लाद्रुबी मठाच्या नव्या प्रमुखाला मान्यता दिली, हे राजाच्या रोषाचे कारण होते. पापनिवेदनाची कथा लिखाणात आली ती काही दशकांनी. तरीही १७२९ मध्ये ते संत ठरले, आणि लोकांच्या मनात राहिले ते गुपित राखणारे योहानच.

असे का व्हावे? मला वाटते, आपले मन जिच्यापाशी निर्धास्तपणे मोकळे करावे अशी एक तरी जागा माणसाला हवी असते. राजाच्या दंडुक्यानेही ती जागा फुटू नये, ही त्याची आस असते.

परंतु आज प्रश्न अधिक अवघड झाला आहे. मुलांवरील अत्याचार पापनिवेदनात कळला तरी तो सरकारला कळवावा, असे कायदे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये व क्वीन्सलँडने २०२० मध्ये केले. हा नियम पाळता येणार नाही, अशी चर्चची भूमिका आहे. गुप्तता गेली तर कोणी अपराधी पश्चात्तापासाठी येणारच नाही, असे तिचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. पण कथेतले मौन राजाच्या सत्तेपासून राणीला वाचवत होते. येथे मौनाने वाचतो तो बलवान, आणि उघडे पडते ते मूल.

योहानांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. मात्र मौन कोणाच्या पाठीशी उभे आहे, हे पाहिल्यावाचून मी त्याला पुण्य म्हणणार नाही.