जॉन ड्यूई : बाबासाहेबांचे गुरू, बालकांचे शिक्षक

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना तत्त्वज्ञान शिकविणारे प्रा. जॉन ड्यूई आपल्याकडे बहुधा या एका नात्यानेच ओळखले जातात. हे तत्त्वज्ञ लहान मुलांच्या शाळेचे संस्थापकही होते, ही गोष्ट आमच्यासारख्या निवासी शाळा चालविणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

२० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील बर्लिंग्टन येथे त्यांचा जन्म झाला. १८८४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादिली, १८९४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले आणि १८९६ च्या जानेवारीत त्यांनी आपली प्रयोगशील शाळा उघडली. शाळेसाठी ते बाके शोधू लागले, तेव्हा दुकानांत मिळे ते सारे मुलांनी बसून ऐकण्यासाठी घडविलेले. काम करण्याजोगे मेज सापडेना.

या शाळेत विज्ञान कामातून येई. मुलांच्या हाती बोंडातला कापूस आणि मेंढीची लोकर दिली जाई. एका गटाने अर्धा तास खपून बोंडातून व सरकीपासून कापूस सोडविला. तो एक औंसही, म्हणजे २८ ग्रॅमही भरला नाही. पूर्वजांनी सुतीऐवजी लोकरीचे कपडे का वापरले, याचा उलगडा मुलांना स्वतःच्या हातांनी झाला. पुढे तंतूंची तुलना, पिंजणे, कातणे, यंत्रे. (कापूस वेचणीला गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस हा धडा निम्मा येतोच, उरलेला निम्मा शिकविणे आमचे काम.) स्वयंपाकातही पाणी कमीअधिक तापवून अंड्याच्या पांढऱ्या भागावर होणारा परिणाम मुले पाहत.

१९१८ मध्ये विल्यम किलपॅट्रिक यांच्या लेखाने प्रकल्प पद्धतीस प्रसिद्धी लाभली. मुलांना मोकळे सोडले की झाले, असा समजही पसरला. १९३८ मध्ये ग्रंथ लिहून ड्यूईंनी तो खोडला. कामाची निवड आणि आखणी हे शिक्षकाचेच उत्तरदायित्व, असे ते मानीत. आज प्रकल्प म्हणजे पुष्कळदा पालकांनी रात्री चिकटविलेली थर्मोकोलची प्रतिकृती. वसतिगृहातील मुलाने ती कोणाकडून करवून घ्यावी? तिला गुण देणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

शाळेच्या व्यवस्थापनावरून मतभेद झाले आणि १९०४ मध्ये ड्यूई शिकागो सोडून कोलंबियात आले. म्हणूनच १९१३ मध्ये तेथे दाखल झालेल्या बाबासाहेबांना ते लाभले. १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक भाषणात बाबासाहेबांनी त्यांचे ऋण नोंदविले आहे. १९५२ च्या जूनमध्ये मानद पदवी स्वीकारण्यासाठी बाबासाहेब त्याच विद्यापीठाकडे निघाले होते. गुरूंना भेटण्याची त्यांना ओढ होती. १ जून रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे ड्यूई निवर्तले. भेट राहून गेली.