जेम्स विल्यम मॅकबेन

जेम्स विल्यम मॅकबेन (२२ मार्च १८८२ – १२ मार्च १९५३) हे कॅनडात जन्मलेले भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते. साबणाच्या द्रावणातील रेणू एकत्र येऊन 'मिसेल' नावाचे पुंजके तयार करतात, ही कल्पना त्यांनी प्रयोगाधारे मांडली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक होते.

जीवन

मॅकबेन यांचा जन्म न्यू ब्रन्सविक प्रांतातील चॅटहॅम येथे झाला. टोरांटो विद्यापीठातील शिक्षणानंतर त्यांनी जर्मनीत लाइपझिग व हायडेलबर्ग येथे अध्ययन केले. १९०६ पासून ते इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अध्यापन करीत होते. १९१९ मध्ये तेथील लेव्हरह्यूम प्राध्यापकपदी त्यांची नियुक्ती झाली. पुढे ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. १९२३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९३९ मध्ये त्यांना डेव्ही पदक मिळाले.

संशोधन

साबणाच्या द्रावणाच्या गोठणबिंदूवरून त्यात विरघळलेल्या कणांची संख्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी असल्याचे दिसे. मात्र त्याची विद्युत्‌वाहकता चांगली असे. अनेक आयन एकत्र येऊन विद्युत्‌भारित पुंजके बनवत असले पाहिजेत, असे अनुमान मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास काढले. अशा पदार्थांना त्यांनी 'कलिली विद्युत् विच्छेद्य' असे संबोधले. समान विद्युत्‌भाराचे आयन एकमेकांना दूर सारतात, ही समजूत रूढ असल्याने या कल्पनेस आरंभी विरोध झाला. लहान भारित व मोठे पापुद्र्यांसारखे असे मिसेलांचे दोन प्रकार असतात, असे त्यांचे मत होते. जी. एस. हार्टली यांनी १९३६ मध्ये मांडलेले गोलाकार मिसेलाचे प्रारूप विरल द्रावणांसाठी पुढे अधिक ग्राह्य ठरले. पुंजके बनतात हा मॅकबेन यांचा मूळ निष्कर्ष मात्र टिकला. 'सॉर्प्शन' ही संज्ञाही त्यांनीच १९०९ मध्ये रूढ केली.

पुण्यातील कार्य

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. निवृत्तीनंतर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मॅकबेन यांनी या नव्या संस्थेची धुरा सांभाळली. १९५२ मध्ये त्यांच्या जागी जॉर्ज फिंच आले. पुढील वर्षी कॅलिफोर्नियात मॅकबेन यांचे निधन झाले.

वारसा

मिसेल हा स्थिर गोळा नसून द्रावणाशी समतोलात असलेला समूह आहे. त्यातील रेणू सतत बाहेर पडतात व दुसरे आत येतात. या देवाणघेवाणीच्या वेगाचा सिद्धान्त अनियान्सन व वॉल यांनी १९७० च्या दशकात मांडला. १९८९ मध्ये हाल्पेरिन व अलेक्झांडर यांनी तो विचार बहुवारिकांच्या मिसेलांना लावला. येथे एकेक साखळी गाभ्यातून सुटून दुसऱ्या मिसेलात शिरते. साबणाचा रेणू अत्यल्प काळात बाहेर पडतो. बहुवारिकाच्या साखळीचा गाभ्यातील भाग जितका लांब, तितके तिचे सुटणे कठीण, त्यामुळे काही वेळा ही देवाणघेवाण जवळजवळ थांबते. ती मोजण्यासाठी ड्यूटेरियमयुक्त व साध्या साखळ्यांची मिसेले योग्य द्रावकात मिसळतात. साखळ्यांची सरमिसळ होत जाते तशी न्यूट्रॉन प्रकीर्णनाची तीव्रता घटते. औषध वाहून नेणारे मिसेल शरीरात किती काळ टिकेल, हे जाणण्यासाठीही हा अभ्यास उपयुक्त ठरतो.