कर्नल रेड्ल : फितूर झालेला पहारेकरी

व्हिएन्ना म्हटले की आम्हां संगीतवाल्यांना मोझार्ट आणि बेथोव्हेन आठवतात. पण त्याच नगरीतील एका हॉटेलात २५ मे १९१३ च्या पहाटे पिस्तुलाचा बार झाला आणि त्याचा पडसाद साऱ्या युरोपात उमटला. मेलेला इसम होता कर्नल आल्फ्रेड रेड्ल.

रेड्लचा जन्म १८६४ साली लेम्बर्ग शहरी, म्हणजे आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह येथे, रेल्वेतल्या एका नोकरदाराच्या घरी झाला. पाठीशी ना घराणे, ना पैसा. केवळ हुशारीच्या बळावर तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी हेरखात्यात वर चढला. परक्या हेरांना हुडकणे हेच त्याचे काम, आणि त्यात त्याची मोठी ख्याती. परंतु हाच गृहस्थ वर्षानुवर्षे रशियाला लष्करी गुपिते विकत होता! पगाराला न झेपणारा थाटमाट त्याला हवा होता.

१९१२ साली त्याची बदली प्रागला झाली. पुढे व्हिएन्नाच्या टपालकचेरीत खोट्या नावावर नोटांनी भरलेली पाकिटे आली. त्याच्याच जुन्या खात्याने तेथे पाळत ठेवली. २४ मे रोजी पाकिटे न्यायला आला तो रेड्ल! त्याच रात्री सेनाप्रमुख कॉनराड यांच्या आज्ञेने काही अधिकारी त्याच्या खोलीवर गेले. थोडी विचारपूस झाली, पिस्तूल त्याच्या हाती आले आणि अधिकारी बाहेर पडले.

माझे वडील दरबारी गवई होते. दरबाराची अब्रू झाकण्याची घाई कशी असते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. व्हिएन्नात तेच झाले. युवराज फ्रान्झ फर्डिनांड या प्रकाराने संतापले. झाकलेले फार दिवस झाकलेही राहिले नाही. प्रागच्या 'बोहेमिया' पत्रात एगॉन एर्विन किश या वार्ताहराने अफवेचा इन्कार छापण्याच्या मिषाने सारी बातमीच फोडली.

पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले. रेड्लने नेमके किती नुकसान केले, याचा वाद इतिहासकारांत अजून मिटलेला नाही. पुरता हिशेब देऊ शकणाऱ्या माणसाचेच तोंड कायमचे बंद केले गेले होते. विद्यार्थी बेसूर झाला तर त्याला गप्प बसवून भागत नाही. पुन्हा गायला लावावे लागते, तेव्हाच सूर कोठे ढळला ते उमगते. राज्यकारभारालाही हा धडा लागू आहे.