नाव लपवून संशोधन छापणारा बिअर कंपनीतला माणूस, ज्याची टेस्ट मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकावी लागते!

मानसशास्त्र घेतलेल्या कुणालाही संख्याशास्त्राच्या पेपरबद्दल विचारा, टी-टेस्टचं नाव निघणारच. पुस्तकात तिचं पूर्ण नाव असतं ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’. विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली टेस्ट असेल, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात स्टुडंट हे एका माणसाचं टोपणनाव आहे, आणि तो माणूस प्राध्यापक नव्हता. तो बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता.

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधल्या कँटरबरीत झाला. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकून १८९९ मध्ये ते डब्लिनच्या गिनीज कंपनीत रुजू झाले. तिथे त्यांच्यापुढे रोजचा एक प्रश्न होता. बिअरसाठी लागणारी बार्ली आणि हॉप्स चांगले आहेत की नाहीत, हे मोजक्या चाचण्यांवरून ठरवायचं. पण तेव्हाची सूत्रं हाताशी शेकडो नोंदी असतील असं धरून बनवलेली. चार-पाच नोंदींवर किती विश्वास ठेवायचा, हे कुणीच नीट सांगत नव्हतं.

१९०६ मध्ये कंपनीने त्यांना लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे अभ्यासाला पाठवलं. पिअर्सन म्हणजे त्या काळातलं संख्याशास्त्रातलं मोठं प्रस्थ. मात्र त्यांचा सगळा कारभार मोठ्या आकड्यांचा, छोट्या नमुन्यांत त्यांना फारसा रस नव्हता.

गॉसेट यांनी मग एक चिकाटीचा उद्योग केला. ३,००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचे आकडे आधीच छापलेले होते. ते त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. कॉम्प्युटर नव्हता, सगळं हाताने! गणिताने काढलेलं उत्तर या गटांवर ताडून पाहिलं. नोंदी कमी असल्या की निव्वळ योगायोगानेही मोठा फरक दिसण्याची शक्यता वाढते, आणि किती वाढते ते त्यांनी मोजून दाखवलं.

हे १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आलं, पण लेखकाच्या नावाच्या जागी फक्त ‘स्टुडंट’. कारखान्यातली गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून गिनीजने कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहायला मनाई केली होती.

त्या लेखात बिअर नव्हतीच. उदाहरण होतं अमेरिकेतल्या कॅलमाझू इथल्या मनोरुग्णालयाचं. तिथे १० रुग्णांना दोन वेगवेगळी झोपेची औषधं देऊन कोणत्या औषधाने किती तास झोप वाढली ते मोजलेलं होतं. १० पैकी ९ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली. एकाच माणसाची दोन परिस्थितींत तुलना करण्याची ही पद्धत मानसशास्त्रात आज सर्रास वापरतात. ‘आर’ हे सॉफ्टवेअर उघडलंत तर तेच १० रुग्ण आजही सरावासाठी हजर असतात.

सुरुवातीला या लेखाकडे फार कुणी पाहिलं नाही. पुढे रोनाल्ड फिशर यांनी त्याची पक्की गणिती सिद्धता दिली आणि १९२५ च्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत प्रयोगशाळांपर्यंत नेली.

थोड्या नोंदींवर काम करणाऱ्या या माणसाने मोठ्या आकड्यांची फजितीही दाखवून दिली. १९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर भागात २०,००० शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. १०,००० मुलांना चार महिने रोज दूध, बाकीच्यांना नाही. दूध पिणारी मुलं जास्त वाढली, असा निष्कर्ष निघाला. गॉसेट यांनी १९३१ मध्ये त्यातली गफलत उघड केली. गटात धष्टपुष्ट किंवा अशक्त मुलं जास्त वाटली, तर मुलं बदलायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांनाही दया आली असणार, कारण दूध नसलेल्या गटातली मुलं सुरुवातीलाच उंचीने आणि वजनाने पुढे होती. त्यात वजन केलं कपड्यांसकट, फेब्रुवारीत आणि नंतर जूनमध्ये. सुखवस्तू मुलांचे जाड कपडे उन्हाळ्यात उतरले, त्यामुळे त्यांची वाढ काट्यावर कमी भरली. गरिबाघरच्या मुलांकडे उतरवायला जाड कपडे होतेच कुठे?

गॉसेट यांनी सुचवलेला उपाय फार स्वस्त होता. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, प्रत्येक जोडीत एकाला कच्चं आणि दुसऱ्याला पाश्चराइज्ड दूध द्या, आणि कच्चं दूध कुणाला द्यायचं ते नाणं उडवून ठरवा.

ही टीकाही छापून आली ती ‘स्टुडंट’ याच नावाने. १९३५ मध्ये गिनीजने त्यांच्यावर लंडनच्या पार्क रॉयल इथल्या नव्या कारखान्याची जबाबदारी दिली. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. फिशर यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख १९३९ मध्ये छापून आला. त्याचं शीर्षकही ‘स्टुडंट’ असंच होतं.