यशवंतराव चव्हाण : संरक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री



१२ मार्चला शाळेत यशवंतरावांची जयंती साजरी होते. मुलं भाषणात महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री एवढं सांगतात आणि खाली बसतात. पण मुख्यमंत्रिपदानंतर ते देशाचे संरक्षणमंत्री झाले, पुढे परराष्ट्रमंत्रीही झाले. हा भाग मुलांना क्वचितच माहीत असतो. आजचा निबंध त्यासाठीच.

बालपण आणि शिक्षण

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे इथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. वडील लवकर गेले. आई विठाबाईंनी कष्ट करून मुलांना वाढवलं. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच त्यांनी तिरंगा फडकावला आणि १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तरी शिक्षण सुटलं नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून पदवी आणि पुण्यातून वकिली, असा त्यांचा प्रवास झाला. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत होते.

मुंबईचा राग

तुम्ही गिरगाव, दादर, परळ किंवा लालबागमध्ये राहत असाल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना संयुक्त महाराष्ट्राचे दिवस विचारून बघा. गिरणगावातला कामगार रस्त्यावर उतरला होता. शंभराहून अधिक माणसं हुतात्मा झाली. त्या काळात यशवंतराव काँग्रेसमध्येच राहिले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. साहजिकच मराठी माणूस त्यांच्यावर चिडला. १९५७ ची निवडणूक कराडमधून ते जेमतेम जिंकले. पण सत्तेत राहूनही मराठी राज्याची गरज त्यांनी दिल्लीला पटवून दिली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तो हुतात्म्यांच्या बलिदानामुळे आणि या वाटाघाटींमुळेही. रागावलेल्या माणसाचं शांतपणे ऐकून घ्यायचं, ही सवय त्यांना पुढे दिल्लीत उपयोगी पडली.

हिमालयाच्या मदतीला

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. आपली तयारी कमी पडली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. ज्या मुंबईने त्यांच्यावर राग धरला होता, तीच आता त्यांच्याकडे अभिमानाने पाहू लागली. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं तेव्हापासून म्हटलं जातं. २१ नोव्हेंबरला त्यांनी सूत्रं हाती घेतली, त्याच दिवशी चीनने युद्धविराम जाहीर केला.

लढाई थांबली, पण खरं काम तिथून सुरू झालं. खचलेल्या सैन्याला धीर द्यायचा होता. मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यातला अविश्वास दूर करायचा होता. यशवंतरावांना लष्कराचा अनुभव नव्हता. त्यांनी सेनाधिकाऱ्यांचं ऐकून घेतलं आणि त्यांच्या रोजच्या कामात ढवळाढवळ टाळली. पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना त्यांच्याच काळात आखली गेली. डोंगरात लढणाऱ्या तुकड्या वाढल्या. शस्त्रांसाठी १९६४ मध्ये ते अमेरिका, रशिया आणि ब्रिटनला गेले. परळ-लालबागहून जवळच असलेल्या माझगाव गोदीत पुढे आयएनएस निलगिरी ही युद्धनौका बांधली गेली. तिची बोलणीही याच काळातली.

१ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानने छांबवर रणगाडे घातले. हवाई दलाची मदत मागितली गेली, तेव्हा यशवंतरावांनी काही मिनिटांतच होकार दिला. संध्याकाळी आपली विमानं झेपावली. १९६२ मध्ये लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं मोल कळतं. पुढे जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदच्या वाटाघाटींनाही ते पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींबरोबर होते.

पुन्हा मैत्रीचा हात

गृह आणि अर्थ ही खाती सांभाळून ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. चीनमध्ये १९६१ पासून आपला राजदूत नव्हता. १९७६ मध्ये तिथे पुन्हा राजदूत पाठवायचं ठरलं आणि के. आर. नारायणन पेकिंगला गेले. तेच पुढे राष्ट्रपती झाले. त्याच वर्षी पाकिस्तानशीही राजदूतांची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली. बघा, चीनच्या युद्धामुळे जो माणूस दिल्लीला गेला, त्याच्याच कारकिर्दीत चीनशी बोलण्याचं दार पुन्हा उघडलं. आधी घर मजबूत करा, मग शेजाऱ्याशी बोला, हे त्यांच्या कामातून शिकावं.

मोठ्या मुलांना दुसरी बाजूही जरूर सांगा. १९७५ च्या आणीबाणीत यशवंतराव मंत्रिमंडळातच होते आणि त्यांनी उघड विरोध केला नाही. हे त्यांचं चुकलं का? यावर आठवी-नववीच्या वर्गात छान चर्चा होते. थोर माणसाबद्दल प्रश्न विचारला म्हणून त्याचा मान कमी होत नाही.

अखेर

१९८३ मध्ये पत्नी वेणूताई गेल्या आणि यशवंतराव एकटे पडले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

पालकहो, मुलांना कधी नरिमन पॉइंटच्या चव्हाण सेंटरला घेऊन जा. जाताना वाटेत हुतात्मा चौकात थांबा आणि दोन्ही ठिकाणांची गोष्ट एकत्र सांगा. पुढच्या जयंतीला मुलं एका वाक्यावर खाली बसणार नाहीत.