डॉ. रूपाबाई फरदुनजी : भूलशास्त्रातील पहिल्या महिला



नववीच्या एका विद्यार्थिनीने विज्ञानाच्या तासाला एक प्रश्न विचारला. तिच्या आजीची कर्करोगासाठी केमोथेरपी झाली होती आणि आता ऑपरेशन ठरले होते. औषधांनी थकलेले शरीर भूल सोसेल का, अशी तिला धास्ती वाटत होती. तिला उत्तर देताना मला डॉ. रूपाबाई फरदुनजी यांची आठवण झाली.

रूपाबाई हैदराबादच्या, पारशी समाजातील. त्या काळी मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता. मुलींनी लिहायला शिकणेही लोकांना खटकत असे, अशा दिवसांत, १८८५ साली, हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत पाच मुलींना प्रवेश मिळाला. रूपाबाई त्यांच्यापैकी एक. शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. १८८९ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि रुग्णांना भूल देण्याचे काम करू लागल्या. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

तेव्हा भुलीसाठी क्लोरोफॉर्म हुंगवीत असत. १८४७ पासून ते वापरात आले. पण पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या साध्या ऑपरेशनच्या वेळी दगावली. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, असा वाद त्यानंतर अनेक वर्षे चालला. त्याचा निकाल लावण्यासाठी निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. या कामात रूपाबाईंचाही सहभाग होता. श्वासावर नीट लक्ष ठेवले तर हृदयाची काळजी नको, असा निष्कर्ष निघाला.

हा निष्कर्ष अर्धाच खरा होता. १९११ मध्ये लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाही हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

रूपाबाईंचा मोठेपणा मला पुढच्या गोष्टीत दिसतो. वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असताना, १९०९ मध्ये, त्या एडिंबरोला गेल्या आणि पुन्हा विद्यार्थिनी होऊन भौतिक व रसायनशास्त्र शिकल्या. भुलीचे वायू हाताळणाऱ्या डॉक्टरला या विषयांचे ज्ञान आवश्यक होते. परत येऊन त्यांनी पुन्हा रुग्णसेवा केली आणि १९२० मध्ये हैदराबादच्या चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून त्या निवृत्त झाल्या.

आज क्लोरोफॉर्म मागे पडले आहे. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन यांसारखी औषधे मोजून, यंत्रातून श्वासावाटे दिली जातात. पूर्ण वेळ श्वास, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके यांवर नजर असते. केमोथेरपी झालेल्या रुग्णाची तपासणी मात्र अधिक बारकाईने करावी लागते. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात, म्हणून हृदयाची इको तपासणी करतात. ब्लिओमायसिनमुळे फुफ्फुसांना इजा होऊ शकते. अशा रुग्णाला गरजेपेक्षा जास्त प्राणवायू देणेही घातक ठरू शकते. रक्तातील पेशी कमी झाल्या असतील तर त्या भरून येईपर्यंत, शक्य असल्यास, ऑपरेशन थांबवतात. म्हणजे श्वास आणि हृदय, दोन्ही पाहायचे.

म्हणून पालकांना विनंती की, ऑपरेशनपूर्वी केमोथेरपीची संपूर्ण फाईल भूलतज्ज्ञांना दाखवा. कोणते औषध, किती वेळा, शेवटचा डोस कधी, हे सांगा. जिना चढताना दम लागतो का, पायांवर सूज येते का, हेही लपवू नका. डॉक्टर घाबरतील किंवा ऑपरेशन लांबेल म्हणून गप्प राहणे हाच खरा धोका आहे.

त्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितले. आजीची फाईल नीट लावून देण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपले ज्ञान अपुरे आहे हे कळल्यावर पुन्हा बाकावर बसायला रूपाबाईंना कमीपणा वाटला नाही. हा धडा आम्हा शिक्षकांसाठीही आहे.

— मुख्याध्यापक